पावणेपाच लिटर

१

शवागारात आडव्या ठेवलेल्या माणसाने दोनच महिन्यांपूर्वी एका दमात पावणेपाच लिटर हवा फुंकली होती. कागदावर तसं लिहिलं होतं, आणि खाली छाती मोजणाऱ्या मामोसाची सही होती.

मामोसाने चादर खांद्यापर्यंत खाली ओढली. गळ्याखालचा खळगा खोल गेला होता. मानेचे स्नायू दोरीसारखे वर आले होते. श्वास खेचून आणावा लागणाऱ्या माणसाची मान अशी होते, आणि त्याला वर्षं लागतात. ही छाती तिने मोजली असती तर यंत्र दीड लिटरवर अडलं असतं, तेही खोकल्यासकट.

"कुठेतरी चूक झालीय," ती शेवटी म्हणाली.

"कोणाची?" डॉक्टर इलुंगाने विचारलं. काँगोहून लेसोथोच्या या डोंगरात येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण थंडीशी त्याचं अजून जुळलं नव्हतं. शवागारातही तो लोकरी टोपी घालून उभा होता. "मेलेल्या माणसाची चूक नसते. उरलो तुम्ही आणि मी. सही तुमची आहे."

दाराशी मृताची मुलगी उभी होती. सेबोलेलो तिचं नाव, मासेरूच्या कापड कारखान्यात ती शिवणकाम करायची. पहाटेच्या गाडीने आली होती आणि अजून तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नव्हती.

"म्मे," ती मामोसाला आईसारखी हाक मारून म्हणाली, "बाबा कोंबड्यांना दाणे टाकायला उठले तरी मध्ये दोनदा बसायचे. चोवीस वर्षं ते सीमेपलीकडे सोन्याच्या खाणीत खाली होते. तुम्ही खाणीतल्या माणसांची छाती मोजायला गावात येणार म्हणून मीच त्यांना निरोप धाडला. नंतर फोनवर म्हणाले, 'छाती ठणठणीत आहे म्हणे, पोरी. जोहान्सबर्गला पळत जाईन.' मग हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला लागला."

डॉक्टरने तिला सकाळीच सगळं सांगितलं होतं. खाणीत काम केलेला माणूस गेला की घरच्यांच्या संमतीने त्याची फुप्फुसं काढून जोहान्सबर्गला पाठवता येतात. दगडाच्या धुळीने तो मेला की नाही, हे तिथे ठरतं. दफन शनिवारी. उद्या शुक्रवारी संध्याकाळी नातेवाईक देह न्यायला येणार होते, आणि त्यानंतर कोणालाच काही करता येणार नव्हतं.

"काका म्हणतात, माणूस पुरा जन्मला, पुरा मातीत जाईल," सेबोलेलो म्हणाली. "छाती उघडली आणि आत काहीच निघालं नाही, तर मी बापाला उगाच फाडला. उघडली नाही, तर ते कशाने गेले ते मला मरेपर्यंत कळणार नाही. तुमचा कागद खरा असेल तर मी गप्प बसते. खरा आहे का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मामोसाला रागाचं उत्तर देता आलं असतं.

"उद्या दुपारपर्यंत सांगते," मामोसा म्हणाली.

२

तिची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. एक खुर्ची, एक यंत्र, खिडकी. मामोसा म्हणजे मोसाची आई. लग्न झालं तेव्हा सासरच्यांनी रिवाजाप्रमाणे होणाऱ्या बाळाचं नाव धरून तिला हे नाव दिलं होतं. मोसा कधी झाली नाही. नवरा सीमेपलीकडे कामाला गेला तो आधी पत्रांतून आणि मग पत्रांशिवाय राहिला. नाव तेवढं तिच्याकडे उरलं, आणि सगळा जिल्हा तिला त्याच नावाने ओळखत होता.

तिने आधी यंत्राला विचारलं. कपाटातून मोठी नळकांड्यासारखी पिचकारी काढली. तिच्यात बरोबर तीन लिटर हवा मावते, ना कमी ना जास्त. ती यंत्राला जोडून दांडा सावकाश आत ढकलला, मग वेगाने, मग मध्यम. तिन्ही वेळा यंत्राने तीन लिटरच दाखवले. जुलैत गावी नेण्याआधीही तिने हेच केलं होतं. यंत्र खोटं बोलत नव्हतं.

मग तिने जुलैची आकृती पडद्यावर आणली. माकालो लेफोसा. मृताला घरी सगळे त्सेलिसो म्हणत, पण खाणीत तो माकालो लेफोसा होता. मुलीनेच ते सांगितलं होतं, जणू त्यात सांगण्यासारखं काही नाही. खाणीत अर्ध्या माणसांची नावं वेगळी असतात.

आकृतीत तीन फुंकरींच्या तीन रेघा एकमेकींवर नेमक्या बसल्या होत्या. आजाराचं सोंग आणणारा मुद्दाम कमी फुंकतो, पण दोनदा तेवढंच कमी फुंकणं कोणाला जमत नाही. त्याच्या रेघा तीन दिशांना पळतात. म्हणून रेघा जुळेपर्यंत मामोसा माणसाला उठू देत नसे. या रेघा जुळल्या होत्या. कोणीतरी या यंत्रापुढे बसून छातीतली सगळी हवा प्रामाणिकपणे बाहेर टाकली होती.

त्याचा चेहरा मात्र तिला आठवेना. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, खिंडीत बर्फ होता. चर्चच्या सभागृहात माणसं डोळ्यांपर्यंत ब्लँकेट ओढून आणि माकडटोप्या घालून बसली होती. खुर्चीत आलं की नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. त्यात सगळेच चेहरे सारखे दिसतात. आणि खरं सांगायचं तर ती चेहऱ्याकडे बघतच नसे. ती पडद्याकडे बघे. तिला जिल्ह्यातली निम्मी माणसं छातीवरून ओळखू आली असती आणि रस्त्यात ती त्यांच्याशेजारून तशीच निघून गेली असती.

कागदावर उंची लिहिलेली होती, कारण किती हवा मावायला हवी ते उंचीवर ठरतं. एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. बूट काढायला लावून, टाचा भिंतीला टेकवून तिने स्वतः मोजलेली.

तिने ड्रॉवरमधून फीत घेतली आणि शवागारात परत गेली. टाचेपासून डोक्यापर्यंत एकदा मोजलं, मग दुसऱ्या बाजूने मोजलं.

एकशे सहासष्ट.

माणूस म्हातारपणी बोटभर आखडतो. दोन महिन्यांत एवढा आखडत नाही.

३

"म्मे मामोसा, मी डुलक्या काढतो हे कबूल," मोखेले म्हणाला. "पण जेवल्यावर. हा माणूस सकाळी आला होता."

मोखेले नोंदणीचा कारकून होता. जुलैत सभागृहाच्या दाराशी टेबल मांडून तो बसला होता. खाणीकडून आलेल्या यादीतलं नाव पुकारायचं, माणसाचं सरकारी ओळखपत्र बघायचं आणि मग त्याला मामोसाच्या खुर्चीकडे सोडायचं, एवढंच त्याचं काम.

"मग माझ्या खुर्चीत कोण बसलं, आबुती?" मामोसाने विचारलं.

"कार्डावर होता तोच बसला. माकालो लेफोसा. मी त्याला माकडटोपी काढायला लावली. म्हणाला, 'कान गळून पडतील.' म्हटलं, 'पडले तर उचलून देतो.' कार्डावरचं तोंड आणि खांद्यावरचं तोंड एकच होतं. लांबट, गालावर भाजल्याचा डाग."

"शवागारातल्या माणसाच्या गालावर डाग नाही."

मोखेलेने टोपी काढून मांडीवर ठेवली. आता त्याच्या लक्षात आलं की ही गप्पांची वेळ नाही. "डॉक्टर काय म्हणतात? मी काही घेतलं म्हणतात?"

"अजून कोणी काही म्हटलेलं नाही."

"म्हणतील. कारकुनानेच घेतलेलं असतं." तो थोडा वेळ टोपीची कड कुरतडत राहिला. "म्मे, मी माझ्या आईच्या थडग्यावर हात ठेवून सांगतो. कार्ड खरं होतं आणि माणूस त्या कार्डाचा होता."

मामोसाने त्याच्याकडे पाहिलं, या वेळी पडद्याकडे बघितल्यासारखं नीट पाहिलं. तो खरं बोलत होता, आणि त्याचं खरं बोलणं जास्त अवघड होतं. यंत्र बरोबर, कार्ड बरोबर, फुंकर बरोबर, आणि तरी मेला दुसराच.

"एकटा आला होता तो?" तिने विचारलं.

"नाही. बरोबर एक ठेंगणा म्हातारा होता. दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेला. इतका खोकत होता की मला नावं पुकारायला थांबावं लागे. मी त्याला म्हटलं, 'न्ताते, तुमचंच नाव यादीत असायला हवं.' म्हणाला, 'माझं नाही. मी नुसता सोबतीला आलोय.'"

"कुठलं ब्लँकेट होतं अंगावर?"

"तपकिरी. कडेला मक्याची कणसं विणलेली. जुनं होतं."

मामोसा उठली. तेच ब्लँकेट तासाभरापूर्वी तिने शवागारातल्या खुंटीवर बघितलं होतं.

४

म्हणजे त्सेलिसो स्वतः तिथे होता. त्याच्या नावाने दुसऱ्याने फुंकलं आणि तो भिंतीपलीकडे बसून ऐकत राहिला.

उंच, धडधाकट आणि जवळचा माणूस म्हटला की पहिलं नाव मोत्लात्सीचं येत होतं. त्सेलिसोचा धाकटा भाऊ. चर्चच्या बँडमध्ये सगळ्यात मोठं पितळी शिंग वाजवायचा. छाती उघडायला विरोधही त्याचाच होता. तो अंगणात उन्हाला बसला होता. मामोसाने त्याला आत बोलावलं.

"मी फुंकू? मी काय खाणीत होतो?" तो म्हणाला. "एक दिवस नव्हतो. भावाने जाऊ दिलं नाही. 'घरातला एक जण उंदीर झाला तेवढा पुरे,' म्हणाला."

"जुलैत कोणीतरी तुमच्या भावाच्या जागी फुंकलं, न्ताते. त्याच्या गालावर डाग होता म्हणतात, तरी तुम्ही नव्हता हे मला बघायचंय."

त्याने खांद्यावरचं ब्लँकेट काढलं. मग खुर्चीत बसला आणि नळीकडे हात केला. "आण. माझ्या गालावर डाग नाही ते तुला दिसतंय ना? तरी आण. निदान कोणीतरी आज माझ्याकडून काहीतरी करून घेईल. सकाळपासून सगळे मला चहाच देतायत."

त्याने फुंकलं. खिडकीची काच हलेल असं फुंकलं. पडद्यावर रेघ टोकदार सुळक्यासारखी वर चढली आणि खाली आली.

मामोसाने ती जुलैच्या रेघेशेजारी ठेवली. माणसाच्या श्वासाची आकृती दोन भागांची असते: मधल्या आडव्या रेषेच्या वर बाहेर टाकलेली हवा, खाली आत घेतलेली. सगळे वरचंच बघतात, कारण आजार वर दिसतो. तीही जुलैत वरचंच बघून पुढे गेली होती. मोत्लात्सीचा वरचा सुळका जुलैतल्या माणसापेक्षा उंच होता. खालचा भाग चारचौघांसारखा, उथळ ताटलीसारखा.

जुलैतल्या माणसाचा खालचा भाग ताटली नव्हता. खोल हंडा होता.

"नाही," ती म्हणाली, जरा स्वतःशीच. "तुम्ही फुंकणारे. तो ओढणारा आहे."

"तंबाखू?"

"हवा. असा श्वास आत ओढायला रोजची सवय लागते. वर्षानुवर्षांची. हवा ओढून कोण काय करतं?"

मोत्लात्सीने नाकाचा चिमटा काढला. "लेसिबावाले," तो सहज म्हणाला. "आम्ही शिंगात फुंकतो. ते लोक पिसाच्या दांडीला ओठ लावतात आणि तार आत ओढून वाजवतात. गुराख्यांचं वाद्य. माझा पुतण्या शिकायला गेला आणि घेरी येऊन पडला."

कोपऱ्यातल्या बाकावर सेबोलेलो बसली होती. एवढ्या वेळात ती पहिल्यांदा बोलली.

"बाबा संध्याकाळी दाराशी बसून लेसिबा ऐकायचे. वरच्या मोतेबोवरून यायचा, गुरांच्या तळावरून. मी लहान असल्यापासून. वारा उलटा असला की ऐकू यायचा नाही, मग ते जेवायचे नाहीत नीट. खाणीतून सुट्टीवर आले की आधी मक्याच्या पिठाची गोणी आणि तंबाखू घोड्यावर टाकून वर जायचे, मग घरी. आई त्यावरून भांडायची."

"कोण राहतं वर?" मामोसाने विचारलं.

"एक म्हातारा," मोत्लात्सी म्हणाला. "एकटाच असतो. खाली कधी येत नाही."

"नाव काय त्याचं?"

"नाव?" मोत्लात्सीने खांदे उडवले. "त्याला नावाने हाक कोण मारणार? वर कोणी आहेच कुठे?"

मामोसाने पडद्यावरच्या जुलैच्या नावाकडे पुन्हा बघितलं. मग तिने सेबोलेलोला विचारलं, "तुझ्या बाबांचं सरकारी कार्ड आणलंस?"

मुलीने पिशवीतून काढून दिलं. दाखल्यासाठी तिने ते आणलंच होतं. ठेंगण्या माणसाचा फोटो, आणि शेजारी नाव: त्सेलिसो मोखेथी.

"हे एकच?"

"दुसरं कसं असेल? बोटांचे ठसे घेतात की. एका माणसाला एकच मिळतं."

"तेच," मामोसा म्हणाली. "मोखेलेने जे कार्ड बघितलं त्यावर माकालो लेफोसा लिहिलं होतं. तेही ठसे देऊनच मिळालेलं. तुम्ही सगळे समजता की माकालो हे खाणीत ठेवलेलं नुसतं नाव होतं. ते कोणाचंतरी आहे. तो माणूस जिवंत आहे."

५

शुक्रवारी सकाळी मोत्लात्सीने दोन घोडी आणली. गाडी जाते तिथून पुढची वाट दगडांतून होती आणि मामोसाला घोड्यावर बसून बरीच वर्षं झाली होती.

"घट्ट धर, म्मे," तो मागे वळून म्हणाला. "तू पडलीस तर तुझी छाती मोजायला कोणी नाही इथे."

मोतेबो म्हणजे दगड रचून केलेली एक गोल झोपडी आणि मेंढ्यांचं कुंपण, एवढंच. धूर आडवा वाहत होता. म्हातारा बाहेर दगडावर बसला होता. लांबट चेहरा, गालावर भाजल्याचा जुना डाग. त्याने दोघांना येताना कधीपासून बघितलं असणार, पण तो उठला नाही.

मामोसा घोड्यावरून उतरली, श्वास सावरला आणि म्हणाली, "न्ताते माकालो लेफोसा."

त्याने मान वर केली.

"मेला ना तो?" म्हाताऱ्याने विचारलं. "खालच्या घरात तीन दिवस धूर नाही."

"मेला," मोत्लात्सी म्हणाला.

म्हातारा मेंढ्यांकडे बघत बसला. मग तो आपणहून बोलायला लागला. बोलण्याची त्याची सवय मोडली होती. मध्येच थांबे, शब्द शोधे.

"खाणीची भरती होती तेव्हा आम्ही दोघं एकत्रच गेलो. त्यांनी वजन केलं, छाती मोजली. मी पास झालो. त्याला म्हणाले, 'तू लहान आहेस, घरी जा.' तो रस्त्यात रडला. मी पण रडत होतो, वेगळ्या कारणाने. मला अंधाराची भीती वाटते. जमिनीखाली जायचं या विचाराने मला उलटी झाली. मग मी माझा पास झाल्याचा कागद त्याला दिला. पुढच्या गावाच्या भरतीवाल्याने तोंड बघितलं नाही, नाव बघितलं. तो माकालो झाला आणि खाली गेला. मी वर आलो."

"आणि तसेच राहिलात," मामोसा म्हणाली.

"मी कुठे जाणार? तिकडे माकालो लेफोसा काम करत होता. मी गावात राहून नाव सांगितलं असतं तर दोन माकालो झाले असते. त्याची नोकरी गेली असती. इथे मेंढ्या नाव विचारत नाहीत."

मोत्लात्सीने घोड्याचा पट्टा सैल केला.

"मग जुलै," मामोसा म्हणाली.

"यादीत माकालो. कार्ड माझं, त्याची खाण सुटल्यावर काढलेलं. धूळ त्याच्या छातीत. तुमचा तो टेबलावरचा पोरगा कार्ड बघितल्याशिवाय सोडत नव्हता. त्सेलिसो म्हणाला, 'तू बस खुर्चीत आणि हळू फुंक. मध्येच खोक. जमेल ना?' म्हटलं, 'न जमायला काय झालं?'" म्हाताऱ्याने आपल्या हातांकडे बघितलं. "हळूच फुंकायचं होतं."

मामोसाला पुढचं विचारायचं होतं. विचारलं नाही. ज्या मुलीला त्या उत्तराने काही ठरवायचं होतं, ती खाली बाकावर बसली होती.

"खाली चला," ती म्हणाली. "हे तिच्यासमोर सांगा."

"मला पकडतील?"

"माहीत नाही," मामोसा म्हणाली. खोटं सांगणं तिला जमलं नाही.

तो उठला, झोपडीत गेला, ब्लँकेट घेऊन बाहेर आला आणि मोत्लात्सीच्या घोड्याशेजारून चालू लागला. मोत्लात्सीने त्याला मागे बसायला सांगितलं. तो नको म्हणाला. उतारभर तो घोड्याच्या पुढेच होता आणि त्याला एकदाही धाप लागली नाही.

६

इस्पितळाच्या व्हरांड्यात त्याने सगळं पुन्हा सांगितलं. मोखेले दाराशी उभा राहून ऐकत होता. डॉक्टर इलुंगा भिंतीला टेकला होता. सेबोलेलोने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे तुम्ही हळू फुंकलं असतं," ती शेवटी म्हणाली, "तर जुलैतच बाबा आजारी ठरले असते. औषध मिळालं असतं. घरी ऑक्सिजन मिळाला असता."

"हो."

"मग का नाही फुंकलं हळू?"

माकालोने मामोसाकडे बघितलं. सगळ्यांनीच तिच्याकडे बघितलं.

"पहिल्यांदा मी हळूच फुंकलं," तो म्हणाला. "ही म्हणाली, 'असं नाही, न्ताते.' दुसऱ्यांदा खोकलो. ही उठून माझ्या खुर्चीशेजारी आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'फुंका. अजून. अजून आहे तुमच्यात. सोडू नका, अजून, अजून.' वर मला कोणी काही मागत नाही, पोरी. वर्षानुवर्षं कोणी काही मागितलं नाही. ही मागत होती." तो थांबला. "मी विसरलो. तो भिंतीपलीकडे बसलाय ते विसरलो. होतं तेवढं सगळं दिलं. चिमटा काढला तेव्हा आठवलं."

"बाबा काय म्हणाले?"

"हसला. म्हणाला, 'लेका, बाहेर ऐकू येत होतं.' वाटेत चारदा बसला. पुन्हा त्याबद्दल बोलला नाही."

मामोसाला आता तो खांदा आठवला. जाड ब्लँकेटखालचा, टणक. रोज ती हेच शब्द म्हणायची, सगळ्यांना. ते तिच्या कामाचे शब्द होते. दिवस संपला की ती खोलीला कुलूप लावून घरी जायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कोणाशी काही बोलायची नाही.

"माझा कागद खरा आहे," ती सेबोलेलोला म्हणाली. "पण तो यांच्या छातीचा आहे. तुझ्या बाबांची छाती मी मोजलेलीच नाही. आत धूळ आहे असं मला वाटतं. वाटतं, एवढंच. ठरवायचं तू."

डॉक्टरने घसा साफ केला. "एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. फुप्फुसांच्या डब्यावर नाव त्सेलिसो मोखेथी लिहावं लागेल. त्या नावाचा माणूस खाणीत कधी गेलाच नाही, असं तिकडे म्हणतील. परत पाठवतील कदाचित."

"मी अंगठा देतो," माकालो म्हणाला. "खाणीत तो होता, मी नव्हतो. जिथे सांगाल तिथे देतो."

"तुला आत टाकतील, म्हाताऱ्या," मोत्लात्सी म्हणाला. त्याने ते सौम्यपणे म्हटलं.

"टाकू देत."

मुलीने काकाकडे बघितलं. मोत्लात्सी अंगणाकडे बघत होता. गाडी येऊन उभी होती, मागच्या फळीवर नातेवाईक बसले होते.

"मला काय विचारतेस," तो म्हणाला. "मला वाटत होतं तो पुरा जावा. चोवीस वर्षं त्याचं नावच पुरं नव्हतं."

"उघडा," सेबोलेलो डॉक्टरला म्हणाली. "त्सेलिसो मोखेथी लिहा. तिकडून परत आलं तर मी पुन्हा पाठवेन. आणि म्मे, तुम्ही आत राहा. अनोळखी माणसांच्या हातात ते एकटे नकोत."

मामोसाने आयुष्यात हजारो छात्या मोजल्या होत्या आणि एकही आतून बघितली नव्हती. ती ओट्यापाशी, मृताच्या डोक्याकडे उभी राहिली. निरोगी फुप्फुस स्पंजासारखं दबतं, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. डॉक्टरच्या हातातलं दबत नव्हतं. काळपट, गाठीगाठींचं, मुठीसारखं आवळलेलं. त्याने एका जागी सुरी घातली आणि सुरी करकरली, वाळूवर करकरते तशी. डॉक्टरने हात थांबवला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

मग तिने डब्यावर नाव लिहिलं. सावकाश, सुवाच्य अक्षरात, आणि शाई वाळेपर्यंत डबा धरून ठेवला.

बाहेर बाकाच्या एका टोकाला सेबोलेलो होती, दुसऱ्या टोकाला माकालो. मधली जागा रिकामी होती. मामोसा त्या मधल्या जागेवर बसली. तिच्यावर याआधी असं कोणाच्या शेजारी जाऊन बसण्याचा प्रसंग आला नव्हता, आणि बसल्यावर हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

"धूळ होती," ती म्हणाली. "छाती भरलेली होती."

सेबोलेलोने डोकं खाली घातलं. तिचा खांदा मामोसाच्या खांद्याला लागला आणि तिथेच राहिला. माकालो उठून उभा राहिला, कारण आता त्याने जावं असं त्याला वाटलं असणार. त्याने ब्लँकेटची पिन लावली आणि डोंगराच्या बाजूला वळला.

मोत्लात्सी गाडीजवळून चालत आला. त्याने बाह्या वर सारल्या होत्या.

"न्ताते माकालो," त्याने हाक मारली. "कुठे निघालास? आज रात्री कबर खणायची आहे. आमच्याकडची जमीन दगडाची, आणि माणसं सगळी म्हातारी नाहीतर मासेरूला. तुझ्यात दम आहे ना?"

म्हातारा वळला. त्याने ब्लँकेटची पिन पुन्हा सोडली.

"आहे," तो म्हणाला.